शार्कपासून पळताना

त्या सकाळी समुद्रात उतरताना मला शार्कची भीती वाटत नव्हती, कारण सिंगापूरच्या पाण्यात शार्क असतात हे मला ठाऊकच नव्हतं. भीती होती ती नेहमीची, पाण्याची. पोहायला शिकून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तेसुद्धा बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोच्या तलावात, जिथं तळाच्या निळ्या फरश्या मोजता येतात आणि घाबरलं तर हाताशी काठ असतो.

मी एक्केचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले. आधी का नाही शिकलीस, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, वेळच मिळाला नाही. खरं म्हणजे आमच्या घरात कुणालाच पोहता येत नव्हतं. बाबांचं लहानपण यवतमाळकडच्या एका खेड्यात गेलं. गावात पायऱ्यांची मोठी विहीर होती. उन्हाळ्यात गावातली पोरं तिच्यात उड्या मारायची आणि आमच्या वस्तीतल्या पोरांना तिच्या पायऱ्या उतरायची मनाई होती. बाबा आणि त्यांचे सोबती लांब शेताच्या बांधावर बसून उड्यांचे आवाज ऐकायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मी इंजिनिअरिंगला होते तेव्हा, आणि सांगून झाल्यावर लगेच पेपर उघडून वाचायला घेतला. पुढे ते शिकले, सरकारी नोकरीत लागले, नागपूरला घर बांधलं, आम्हा भावंडांना शिकवलं. पण पाण्यात ते कधी उतरले नाहीत, आम्हालाही उतरू दिलं नाही. तलावावर फिरायला गेलो तरी काठापासून दहा पावलं मागं उभं करायचे.

माझ्या मुलीचं तसं नाही. ती तेरा वर्षांची, इथंच जन्मलेली. इथल्या शाळेनं तिला पोहायला शिकवलं, बुडणाऱ्याला कसं ओढून आणायचं तेही शिकवलं. ती पाण्यात उतरते ती आपण घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी. मी पोहायला शिकले ते तिच्यामुळंच. ती तलावात आणि मी काठावर टॉवेल धरून, असं किती वर्षं चालणार?

जूनची शाळेची सुट्टी होती. बाबा नागपूरहून दोन महिन्यांसाठी आले होते. नवरा कामासाठी मनिलाला गेला होता. मुलीनं खूप दिवसांपासून धरलेला हट्ट होता, आईनं एकदा माझ्याबरोबर खऱ्या समुद्रात स्नॉर्कलिंग करायचं. मी तिला सारखी पुढच्या महिन्यावर ढकलत होते. शेवटी बाबाच म्हणाले, "जाऊ ना आपण. मी काठावर बसीन. तुम्ही पाण्यात काय करता ते मलाही पाहू द्या."

मग त्या रविवारी आम्ही तिघं मरीना साऊथ पिअरवरून फेरीबोटीनं दक्षिणेकडच्या बेटांवर गेलो. बाबांनी इस्त्रीची पॅन्ट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, डोक्यावर टोपी. फेरीत ते मधल्या बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी डब्याची पिशवी धरून राहिले. पिशवीत पोळ्या, वांग्याची भाजी आणि ठेचा.

आम्ही उतरलो त्या बेटावर घोड्याच्या नालेसारखी वळलेली वाळू आहे. मधलं पाणी शांत. दोन्ही टोकांना दगडांचे बांध, आणि पाण्यात पुढे पिपाएवढा एक पिवळा बोया तरंगत होता. त्या पलीकडे जहाजं नांगरून उभी. लांबून ती हलतच नाहीत असं वाटतं. झाडाखाली चटई टाकून बाबांना बसवलं. दहाचा सुमार असेल, भरती चढत होती.

मास्क आणि श्वासाची नळी लावताना मुलीनं मला नियम सांगितले, शिक्षिकेच्या आवाजात. "आई, माझ्यापासून एका हातापेक्षा लांब जायचं नाही. हात सोडायचा नाही. काही दिसलं की दोनदा हात दाबायचा. आणि पॅनिक नाही करायचं, ओके?"

मला हसू आलं. असे नियम लिहिणं हेच माझं काम आहे. मी जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लान्टमध्ये सुरक्षा विभागात आहे. रोज सकाळी कंपनीच्या बसनं जाते, गेटवर पास दाखवते आणि दिवसभर, गॅस गळला तर माणसांनी काय करायचं ते लिहिते. धावायचं नाही. सोबत्याला सोडायचं नाही. ठरलेल्या जागी जमल्यावर आधी डोकी मोजायची. वर्षातून दोनदा मी त्याची रंगीत तालीम घेते आणि जो सोबत्याला मागं टाकून येतो त्याला सगळ्यांसमोर उभं करते.

"ओके," मी म्हटलं.

पाण्यात तोंड घातलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे काही दिसत नाही. टीव्हीवर दिसतो तसा निळा समुद्र इथं नाही. पाणी हिरवं, गढूळ. हात लांब केला तर बोटं दिसत होती, त्याच्यापुढे थोडी वाळू, त्याच्यापुढे नुसता हिरवा पडदा. नळीतून माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. मुलीनं माझा डावा हात धरला होता. तिच्या बोटांची हालचाल कळत होती, ती आरामात होती. हळूहळू मलाही बरं वाटायला लागलं. तळाशी गवताची पाती हलत होती. एक काळा काटेरी गोळा दिसला, तिनं दोनदा हात दाबला. मग एक पिवळा मासा. पुन्हा दोनदा. किती पुढे आलो ते माझ्या लक्षातच आलं नाही. एकदा डोकं वर काढून पाहिलं तर पिवळा बोया अगदी जवळ आणि बाबा झाडाखाली बोटभर दिसत होते. पाय टेकायला तळ नव्हता. पण मुलगी पुढे ओढत होती, मी तोंड पुन्हा पाण्यात घातलं.

आमच्या पुढं चंदेरी पिटुकल्या माशांचा एक थवा होता. शेकडो असतील. ते सगळे एकदम वळले, कुणी हुकूम दिल्यासारखे. थवा मधोमध फाटला आणि त्या फटीतून तो आला.

आधी मला वाटलं सावली आहे. मग तिला तोंड आलं, डोळा आला. करडा, गुळगुळीत. पाठीवरच्या पराच्या टोकाला शाईत बुडवल्यासारखा काळा रंग. माझ्यापेक्षा थोडा कमी लांब असेल. पाण्यात सगळंच मोठं दिसतं हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी मला काहीच माहीत नव्हतं. तो घाईत नव्हता. शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि सरळ आमच्याकडे. हाताच्या अंतरावर आला आणि वळला. वळताना त्याचा तो डोळा माझ्यावरून फिरला. त्यात काहीच नव्हतं, ना राग ना कुतूहल. त्याच्या मागून दुसरा आला. आणि उजवीकडे खाली, गवताच्या वर, तिसरा.

मुलीनं माझा हात दोनदा दाबला.

मी तिचा हात सोडला.

सुटला नाही, सोडला. हिसका देऊन. मग मी काय केलं ते मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. मी ओरडले आणि नळीतून पाणी तोंडात आलं. खारट, घशापर्यंत. मी वळले आणि पाय झाडले. उजवा पाय कशाला तरी लागला. मऊ. त्याच्याखाली टणक. मला वाटलं, हा तोच, माझ्या बोटांना घासून गेला, आता चावणार. म्हणून मी त्याच पायानं पुन्हा, जीव खाऊन, त्या मऊ गोष्टीला लाथ मारली आणि तिच्या जोरावर पुढे झेपावले.

मी कधीच तशी पोहले नव्हते. तलावात दोन फेऱ्यांत धाप लागणारी मी, ते सगळं अंतर एका दमात कापलं. मास्क कपाळावर गेला होता. प्रत्येक हाताला वाटत होतं, आता मागून पाय धरला जाईल. गुडघे वाळूला घासले तेव्हा कळलं की किनारा आला. मी चार पायांवर बाहेर आले आणि तशीच ओणवी राहून खोकत राहिले. जिवंत आहे, दोन्ही पाय आहेत. मी पाय मोजले. खरंच, हात लावून मोजले.

समोर बाबांचे बूट दिसले. ते झाडाखालून धावत आले होते.

"पोट्टी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

मी मागं वळून पाहिलं. पाणी सपाट होतं. एकही डोकं नाही, नळीही नाही. ऊन चमकत होतं, लांब जहाजं उभी होती.

"तुझ्यासंगं होती ना? कुठं आहे ती?"

त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं तेवढं आठवतं. पुढे मी काही बोलले की नाही आठवत नाही. मी पुन्हा पाण्यात शिरले.

परत जाताना पहिल्यासारखं पोहताच येईना. तिला शोधायचं तर तोंड पाण्यात घालून पाहायला हवं होतं आणि मला ते जमत नव्हतं. मी मान वर धरून कुत्र्यासारखी पोहत होते आणि तिच्या नावानं हाका मारत होते. हाक मारली की पाणी तोंडात जायचं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं. पोटाखालचं ते न दिसणारं पाणी मला आजही अंगाला जाणवतं.

"आई! हिअर!"

बोयाच्या मागून तिचा हात वर आला. ती बोयाला दोन्ही हातांनी मिठी मारून होती, म्हणून किनाऱ्यावरून दिसली नव्हती. मास्क तोंडावर नव्हताच. नाकातून रक्त येत होतं. वरच्या ओठावरून हनुवटीवर आणि तिथून थेंब थेंब पाण्यात. डाव्या डोळ्याखाली गाल लाल होऊन सुजायला लागला होता.

"चावला?" मी ओरडले. "कुठं चावला? दाखव!"

"नो," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे विचित्र पाहिलं. "नाही चावला. आई, डोन्ट शाऊट. आपण हळू जाऊ या. स्प्लॅश नाही करायचं."

रक्ताचा थेंब पाण्यात पडला की आधी गोल राहायचा, मग धुरासारखा पसरायचा. मी पाहत राहिले. शार्कला रक्ताचा वास लांबून येतो, एवढं एकच मला शार्कबद्दल माहीत होतं. मी माझ्या पोहायच्या कपड्याची बाही तिच्या नाकावर दाबून धरली. तिनं डोकं मागं टाकलं.

"खाली आहेत?" मी विचारलं.

"मघाशी दोन होते. माझ्याखालून गेले. ते मासे खातायत, आई, आपल्याला नाही." मग थोडं थांबून, "आय थिंक."

त्या 'आय थिंक'मध्ये ती तेरा वर्षांची होती. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण तिची बोटं वळली नाहीत.

आम्ही निघालो. एका हातानं मी तिला धरलेलं, दुसऱ्या हातानं ती नाक दाबून, दोघी पाठीवर, पायांनी हळूहळू ढकलत. पाणी उडवायचं नाही म्हणून इतकं हळू, की आम्ही पुढे सरकतोय की नाही तेच कळेना. मध्येच पाण्याच्या वर एक काळं टोक दिसलं, चाकूच्या पात्यासारखं, आमच्या आणि दगडी बांधाच्या मधून चाललेलं. मुलीनं श्वास धरला. मीही धरला. टोक वळलं, खाली गेलं. आता ते कुठं आहे ते कळायला मार्ग नव्हता. दिसत होतं तेव्हाच बरं होतं.

"मोजत राहा," मी तिला म्हटलं. "मोठ्यानं मोज."

"वन. टू. थ्री." ती मोजायला लागली. तिचं मोजणं चाळिसाच्या आसपास थांबलं.

"आई," ती म्हणाली, "आजोबा काय करतायत?"

मी मान वळवली. बाबा पाण्यात होते. पॅन्ट-शर्टासकट, बुटांसकट. छातीपर्यंत आत आले होते आणि अजून पुढे येत होते. दोन्ही हात पाण्याच्या वर धरलेले, अंधारात भिंत चाचपावी तसे. तोंडानं काहीतरी चाललं होतं. नंतर कळलं की ते आमची दोघींची नावं घेत होते.

"बाबा! मागं जा!" मी ओरडले. "आम्ही येतोय, ठीक आहोत! मागं जा!"

त्यांना ऐकू गेलं नसावं. ते आणखी एक पाऊल पुढे आले. त्याच वेळी पलीकडून एक वेगवान बोट गेली, तिची लाट बांधाच्या तोंडातून आत शिरली. मोठी नव्हती. आम्हाला तिनं नुसतं उचललं आणि खाली ठेवलं. ती आमच्या खालून गेली, किनाऱ्याकडे गेली, आणि बाबा जिथं उभे होते तिथं मला फक्त त्यांची टोपी दिसली.

मुलीनं माझ्या हातातून हात काढून घेतला आणि पालथी होऊन पोहायला लागली. पाणी उडवायचं नाही वगैरे सगळं सोडून. नाकातून रक्त तसंच. मी मागून जमेल तितक्या जोरात निघाले, पण ती माझ्या दुप्पट वेगानं जात होती. बाबांचा हात एकदा वर आला, पांढऱ्या बाहीसकट, आणि गेला. पुन्हा आला, जरा पलीकडे. ती तिथं पोचली आणि तीही खाली गेली. मग काहीच नाही. मी हात मारत होते आणि बघत होते आणि दोघंही नव्हती. तो वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही.

मग ती वर आली, पाठीवर, आणि तिच्या छातीवर बाबांचं डोकं, हनुवटीखाली तिचा पंजा. शाळेत शिकवतात तसं, अगदी तसंच. बाबा धडपडत होते, तिच्या तोंडावर हात मारत होते. ती मराठीत ओरडत होती, "आजोबा, हलू नका! हलू नका ना!" मी पोचले तेव्हा माझे पाय वाळूला लागले. पाणी माझ्या छातीएवढं होतं. बाबा माझ्यापेक्षा उंच आहेत. ते उभे राहू शकले असते. पण पाण्यात पडलेल्या माणसानं उभं कसं राहायचं, हे त्यांना कोण शिकवणार होतं?

दोघींनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना ओढत बाहेर आणलं. वाळूवर ते कुशीवर पडले आणि पाणी ओकले. दोनदा, तीनदा. मी त्यांची पाठ चोळत राहिले. दुरून एक बाई धावत आली, तिनं टॉवेल दिला आणि रुग्णवाहिका बोलावू का म्हणून विचारलं. बाबांनी हातानंच नको म्हटलं. चष्मा गेला होता. डोळे लाल. त्यांनी आधी नातीचा हात शोधला, मग चाचपत तिच्या चेहऱ्यापर्यंत गेले.

"रक्त आहे," ते म्हणाले. "त्या माशानं केलं?"

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी तिच्या गालाकडे. सूज आता नीट दिसत होती. टाचेच्या आकाराची. तेव्हा, इतक्या उशिरा, मला कळलं की माझ्या पायाला लागलेलं ते मऊ काय होतं.

"काही नाही, आजोबा," ती म्हणाली, इथली सगळी पोरं बोलतात त्या सुरात. "इट्स ओके लाह."

परतीच्या फेरीला अजून तास होता. आम्ही तिघं टॉवेल गुंडाळून झाडाखाली बसलो. बाबांनी डबा उघडला आणि कुणीच काही खाल्लं नाही. मी बाबांना विचारलं, पोहता येत नाही तर तुम्ही आत कशाला आलात. त्यांनी डबा पुन्हा बंद केला. मग म्हणाले, "तुम्ही दोघी दिसून नव्हत्या राहिल्या. काठावर किती वेळ बसू? लहानपणी लय बसलो मी काठावर."

मी पिशवी आवरायला लागले.

उतरल्यावर आधी दवाखान्यात गेलो. बाबांची छाती तपासली, ठीक होती. मुलीच्या गालाचं हाड शाबूत होतं. डॉक्टरनं विचारलं, काय लागलं? ती म्हणाली, दगड. मी शेजारीच उभी होते.

संध्याकाळी ती तिच्या खोलीत बर्फाची पिशवी गालाला लावून बसली होती. मी दारात उभी राहिले. आत ये असं ती म्हणाली नाही, जा असंही नाही.

"तुला माहीत होतं ती मी आहे?" तिनं विचारलं. मराठीत विचारलं. एरवी ती माझ्याशी महत्त्वाचं काही बोलायचं तर इंग्रजीत बोलते.

"नाही," मी म्हटलं. "मला वाटलं तो मासा आहे. देवाशपथ." आमच्या घरात देवाची शपथ कुणी घेत नाही. ती तोंडातून कुठून आली कोण जाणे.

"दोनदा मारलीस."

"हो."

"पण हात सोडलास तेव्हा तो माझाच हात होता. ते तर तुला माहीत होतं."

मी पलंगाच्या कडेवर बसले. ती थोडी सरकली.

"आजोबांनी विचारलं नसतं तर तू परत आली असतीस?"

माझ्या कामात आम्ही लोकांना शिकवतो की अपघातानंतरच्या चौकशीत स्वतःला वाचवायला बघू नका, जे झालं ते सांगा. ते मी कितीतरी वेळा लोकांना हसतमुखानं सांगितलंय.

"आले असते," मी म्हटलं. "पण किती वेळानं, ते मला माहीत नाही. मी तिथं माझे पाय मोजत होते."

तिनं बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "ओके." तो कसला ओके होता ते मला तेव्हाही कळलं नाही. मी उठून बाहेर आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून नळ सोडला, आवाज यावा म्हणून.

नंतरचे काही दिवस आम्ही एकमेकींशी फार जपून वागलो. ती मला 'थँक्यू' म्हणायची, पाणी दिलं तरी. मी जेवताना तिच्या गालाकडे न बघण्याचा प्रयत्न करायचे. लाल जांभळं झालं, जांभळं हिरवं, मग पिवळं. बसमध्ये जुरोंग आयलंडला जाताना मी फोनवर शार्कबद्दल वाचलं. काळ्या टोकाचे शार्क इथल्या प्रवाळांत नेहमीचेच, लाजाळू, भरतीबरोबर उथळ पाण्यात बारके मासे खायला येतात, माणूस दिसला की वळतात. माझ्यासमोरही तो वळलाच होता. हे वाचून हलकं वाटायला हवं होतं. उलट झालं. म्हणजे त्या पाण्यात त्या सकाळी तिला भिण्यासारखी एकच गोष्ट होती.

तीन आठवड्यांनी आमच्यातल्या काही कुटुंबांचं जमणं होतं. महिन्यातून एकदा रविवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर आम्ही बुद्धवंदना घेतो, मग जेवतो, मग गप्पा. बहुतेक नागपूर, अमरावती, औरंगाबादकडचे इंजिनिअर आणि संशोधक. त्या दिवशी पोरांनी मुलीला घेरलं. बाबांनी कुणाला तरी सांगितलं होतं, नातीनं मला बुडताना काढलं म्हणून. "शार्क! रिअली आह? किती मोठा? टेल लाह!"

ती सोफ्याच्या हातावर बसून सांगायला लागली, आणि सांगता सांगता मोठी माणसंही गप्प होऊन ऐकायला लागली. तिला सांगता येतं चांगलं. थवा फाटला, तो आला, दुसरा आला. हातांनी करून दाखवत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटं घेऊन उभी होते.

"मग?" एका पोरानं विचारलं.

"मग..." ती थांबली. तिनं मान वर करून खोलीभर नजर फिरवली आणि मला पाहिलं. "मग माझा मास्क निघाला. सो आय कुडन्ट सी. मी बोयाला धरलं."

"आणि आई?"

"आई हेल्प आणायला गेली."

सगळ्यांनी मान डोलावली. एक मावशी माझ्याकडे बघून म्हणालीसुद्धा, "बरं केलंस गं, डोकं शांत ठेवलंस." बाबा कोपऱ्यात खुर्चीवर बसून नव्या चष्म्यातून माझ्याकडे पाहत होते. त्यांना किती माहीत होतं, कोण जाणे. त्यांनी कधी विचारलं नाही.

मी ताटं टेबलावर ठेवली.

"तसं नाही झालं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तिचा मास्क निघाला नाही, माझ्या लाथेनं उडाला. मी घाबरून तिचा हात सोडला आणि तिला लाथ मारून पळाले. किनाऱ्यावर येईपर्यंत ती माझ्यासोबत नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बाबांनी विचारलं तेव्हा आलं."

मावशीनं पदर सावरला. एका पोरानं तोंडातलं केळ्याचं वेफर कुडकन चावलं आणि मग त्यालाच लाज वाटली.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिच्या कानांपर्यंत लाली चढली होती. मला वाटलं, आता उठून जाईल. चारचौघांत तिला अवघडवलं, हे आणखी एक.

"दोनदा," ती म्हणाली.

"दोनदा," मी म्हटलं.

"आणि मग ती परत आली," तिनं पोरांना सांगितलं. "शार्क होते तरी. तोंड पाण्यात घालत नव्हती, डॉगसारखी पोहत होती, ओरडत होती. सो नॉईझी." पोरं हसली. तीही थोडी हसली, पण माझ्याकडे न बघता, आणि मग हात करून दाखवत बाबांच्या लाटेपाशी गेली.

मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले. ताटं अजून सहा लागणार होती.